आवाजामागे इंजिन नव्हतं

यात रात्र नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अमावस्या नाही, सुनसान रस्ता नाही. शनिवार, २२ जुलै २०२३. दुपारचे पावणेतीन. भाईंदर पूर्व, नवघर रोड, तिसरा मजला, आमचं डायनिंग टेबल. तिथे हे सुरू झालं आणि पुढच्या रविवारी त्याच टेबलावर संपलं.

म्हणजे, संपलं असं मी धरून चाललोय.

जे झालं तेच लिहितोय. माझी चूक कुठे झाली तेही लिहिणार आहे, कारण ती लपवली तर बाकीच्याला काही अर्थच राहत नाही. जिजामावशींना विचारून त्यांचं नाव देतोय. भूपेशला विचारता आलं नाही. तो माझा फोन उचलत नाही.

मी कौस्तुभ. एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि सुट्टीत मला एकच नाद. बंद पडलेले फोन, टॅबलेट उघडायचे आणि फ्लॅश करायचे. म्हणजे आतली सगळी सिस्टीम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ती काढून नवीन भरायची. कधी त्यातच फेरफार करून भरायची. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. माझी बायको नीलम सोडून सगळ्यांना त्याचं कौतुकही आहे.

जिजामावशी उत्तनजवळच्या चौक गावच्या. दहा वर्षं आमच्याकडे मासे घेऊन येतात. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा सुके बोंबील आणतात. त्यांचे मिस्टर, बबनकाका, त्या वर्षी फेब्रुवारीत गेले. नावेवरच छातीत दुखलं. मुलगा भूपेश बरोबर होता. किनाऱ्याला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच दिवशी नावेवरचा टॅबलेटही बंद पडला.

बंद म्हणजे पूर्ण बंद नाही. चालू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दिसायचं, विझायचा. परत चिन्ह. परत अंधार. पाच महिने तो तसाच होता.

भूपेश तो घेऊन माझ्याकडे आला. तिशीचा असेल. वसईला एका कंपनीत कामाला होता, सुट्टी असली की वडिलांबरोबर नावेवर. आता नोकरी सोडून नाव स्वतः चालवणार होता.

"दादा, ह्याच्यात बाबांचे आवाज हाय," तो म्हणाला. "बाबांना लिहायला येत नव्हतं. समुद्रातल्या सगळ्या जागा त्यांनी बोलून ठेवल्यात. कुठं जाळं टाकायचं, कुठं खाली खडक हाय... दीडशेच्या आसपास रेकॉर्डिंग असतील. एक तारखेला बंदी उठते. त्याच्या आधी मला पाहिजे."

"कुठे कॉपी नाही काढलीस?"

"कधी वाटलंच नाय रे लागेल म्हणून. हे एकच बाबांनी व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं."

त्याने ते मला ऐकवलं. धडधड इंजिन, वारा, आणि त्यावर ओरडून बोलणारा माणूस. "भूपेश, ऐक. देऊळ न टॉवर एका लायनीत आलं का जाळं टाक. मना इथून कधी रिकामं यावं लागलं न्हाय." मग खोकला. दोनदा सुका, एकदा लांब.

"दोन दुकानात दाखवला," भूपेश म्हणाला. "ते बोलले फॉरमॅट मारावा लागेल. फॉरमॅट नको दादा. बाकी काय पण कर."

"काळजी करू नकोस. मी बघतो," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी बसलो. आणि पहिल्या मिनिटापासून सगळं अडायला लागलं.

लॅपटॉपला टॅबलेट दिसेना. ड्रायव्हर टाकला, दिसेना. ड्रायव्हर काढून परत टाकला. एकदा 'टुंग' वाजलं, मी धावलो, तोवर परत गायब. दीड तासाने कळलं की केबल नुसती चार्जिंगची आहे. उतरलो, केबिन रोडला गेलो.

"भाई, डेटा केबल चाहिए. सिर्फ चार्जिंगवाली नहीं."

"डेटावाली ही है साहब."

ती पण चार्जिंगचीच निघाली. परत गेलो. दुकानदार हसला. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या केबलने टॅबलेट दिसला. मी फर्मवेअर लोड केलं, बटण दाबलं. एकोणीस टक्क्यांवर अडकला. परत दाबलं. एकोणीस. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर त्याने स्वतःचाच अपडेट काढला. चाळीस मिनिटं मी निळ्या पडद्याकडे बघत बसलो.

"डायनिंग टेबल जेवायला असतं," नीलम म्हणाली.

"दहा मिनिटं."

"हे तू एक वाजता म्हणालास."

डोकं तापलं होतं. अपडेट संपला. मी रागारागात सगळं परत उघडलं आणि बटण दाबलं. या वेळी पट्टी सरसर पुढे गेली. शंभर टक्के. हिरवी खूण.

मी खूश झालो. आणि मग वरच्या कोपऱ्यात लक्ष गेलं.

तिथे दोन पर्याय असतात. एकात फक्त सिस्टीम भरली जाते, माणसाचा डेटा राहतो. दुसऱ्यात आधी सगळं पुसलं जातं. मागच्या आठवड्यात मी दुसऱ्या एका फोनसाठी सगळं पुसायचा पर्याय ठेवला होता.

तो तसाच राहिला होता.

मी फॉरमॅट मारला होता.

आजकाल आतला डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली आतच असते. मी नुसतं कपाट रिकामं केलं नव्हतं, किल्लीसुद्धा वितळवली होती. जगातला कोणताही माणूस ते आता परत आणू शकत नव्हता. हे मला तिथल्या तिथे, त्या खुर्चीतच कळलं.

टॅबलेट चालू झाला. छान, स्वच्छ. भाषा विचारली. तारीख विचारली. नव्या कोऱ्या टॅबलेटसारखा.

मी उगाचच फाइल्स उघडल्या. माणूस रिकामा खिसा परत परत चाचपतो ना, तसं. फोटो नाहीत. व्हिडिओ नाहीत. आणि ऑडिओमध्ये...

एक फाइल होती.

सात सेकंदांची.

मी ती लावली. एक, दोन, तीन, चार... काहीच नाही. पाचव्या सेकंदाला...

"भूपेश."

बास. एवढंच.

आवाज जड होता, लांबचा. पण पुरुषाचा होता. कुणीतरी हाक मारत होतं.

मला काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. सुटलो असं वाटलं. काहीतरी वाचलंय. एक वाचलं म्हणजे बाकीचीही असतील. माझी अक्कल सांगत होती की हे शक्य नाही. पण अक्कल गेली खड्ड्यात, फाइल समोर होती.

भूपेशला फोन केला. खरं सांगितलं नाही. "थोडं मिळालंय. वेळ लागेल," म्हणालो. "काळजी करू नकोस. मी बघतो."

रविवारी दुसरं फर्मवेअर टाकायचं ठरवलं. जुनं. मी स्वतःला समजावलं की डेटा आत आहे, नव्या सिस्टीमला फक्त दिसत नाहीये.

जुनं फर्मवेअर शोधायलाच सकाळ गेली. एका साइटवर जाहिरातीच जाहिराती. दुसरीकडे चार तास डाउनलोड होऊन फाइल खराब निघाली. तिसरी मिळाली, ती टाकली तर टॅबलेट परत चिन्हावर अडकला. चिन्ह, अंधार. चिन्ह, अंधार. मी टेबलावर मूठ आपटली. स्टीलचा पेला खाली पडला.

"बबनकाका, काहीतरी करा आता तुम्हीच!" मी ओरडलो.

वैतागून ओरडलो होतो. दुसरं काही नव्हतं त्यात.

पाच वाजता टॅबलेट चालू झाला. मी ऑडिओ उघडला...

परत एकच फाइल. पण आता एकतीस सेकंदांची.

"भूपेश. मी बबनकाका बोलतोय. मला जागा माहीत आहे. काळजी करू नकोस. मी बघतो."

नीलम मागे उभी होती. हातात पोह्यांची बशी.

"शेवटचं वाक्य तुझं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"'काळजी करू नकोस, मी बघतो.' तू भूपेशला फोनवर अगदी असंच म्हणतोस."

"सगळेच म्हणतात," मी तिच्यावर खेकसलो. "डोकं नको खाऊस. सकाळपासून हेच करतोय मी."

ती बशी ठेवून आत गेली. मी रेकॉर्डिंग भूपेशला पाठवून दिलं. दोन मिनिटांत त्याचा फोन आला. रडत होता.

"बाबाच हाय दादा. बाबाच."

फोन ठेवल्यावर मी हेडफोन लावून परत ऐकलं. मला काहीतरी खटकत होतं. भूपेशच्या फोनवरची जुनी क्लिप मागवून घेतली, ती लावली. त्यात इंजिन होतं. वारा होता. लाटा, दोरखंड, कुणाच्या तरी पायांचा आवाज.

मग टॅबलेटवरची लावली...

आवाजामागे इंजिन नव्हतं.

वारा नव्हता. खोलीही नव्हती. खोलीला सुद्धा एक आवाज असतो, पंख्याचा, भिंतींचा. तोही नव्हता. मी आवाज पूर्ण वाढवला. दोन वाक्यांच्या मध्ये माणूस श्वास घेतो...

तोही नव्हता.

सोमवारी, मंगळवारी ऑफिसमध्ये माझं लक्ष नव्हतं. भूपेशचे दिवसाला पाच-सहा फोन. "अजून मिळालं का? जागा कुठली ती सांगितली का?" मला त्याचा राग यायला लागला. स्वतःचा तर येतच होता. आणि सगळ्यात जास्त त्या टॅबलेटचा.

मी ठरवलं की यात काहीतरी बिघाड आहे. रेकॉर्डरच गडबड करतोय. बुधवारी संध्याकाळी घरी आल्याबरोबर कपडे न बदलता बसलो. फर्मवेअर उघडलं आणि त्यातून रेकॉर्डरचं ॲप कापून काढलं. मागचं कव्हर उघडून माइकची पट्टीही सोडवली. म्हटलं, आता कर रेकॉर्ड.

फेरफार केलेलं फर्मवेअर कुठे सरळ चालतं? पहिल्यांदा टॅबलेटने नाकारलं. दुसऱ्यांदा घेतलं आणि मध्येच मेला. तिसऱ्यांदा त्र्याण्णव टक्क्यांवर पंचवीस मिनिटं थांबला. मी त्याला शिव्या घालत होतो. मोठमोठ्याने. "ये ना लेका! ये एकदाचा! किती वाट बघायला लावणार?"

साडेसातला चालू झाला.

रेकॉर्डर नव्हता. माइक टेबलावर सुटा पडला होता.

ऑडिओमध्ये फाइल होती.

दोन मिनिटं बारा सेकंद.

"भूपेश. मी बबनकाका बोलतोय. टॉवर मागे टाक. टॉवर दिसेनासा झाला की अजून पुढे ये. तिथे पाणी एकदम शांत आहे. तिथे मी जागा बघून ठेवली आहे." मग खोकला. दोनदा सुका, एकदा लांब. अगदी तसाच. "पहिल्या दिवशी ये. एकटा ये. किती वाट बघायला लावणार?"

पुढचं दीड मिनिट नुसती शांतता होती.

मी ते पूर्ण ऐकलं. का, माहीत नाही.

हे रेकॉर्डिंग मी पाठवायला नको होतं. पण त्या संध्याकाळी भूपेशचा सातवा फोन आला आणि मी इतका पिचलो होतो की पाठवून मोकळा झालो. त्याला जागा हवी होती, जागा मिळाली. माझं काम झालं.

शनिवारी त्याचा मेसेज आला. 'एक तारखेला एकटाच निघतो दादा. माझे काका त्यांच्या नावा घेऊन सोबत येतो बोलतात, पण बाबांनी एकटा ये सांगितलंय.'

त्याच्या घरी कुणी एकटं समुद्रात जात नाही. एवढं मलाही माहीत होतं. मी जिजामावशींना फोन केला. "मावशी, उद्या दुपारी भूपेशला घेऊन या. बबनकाकांचा आवाज ऐकून जा."

रविवारी तीन वाजता दोघं आली. टॅबलेट टेबलावर उघडाच होता, मागचं कव्हर काढलेलं. मी रेकॉर्डिंग त्या त्या वेळी लॅपटॉपवर घेऊन ठेवली होती. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. पदर मुठीत. मी तिन्ही लावली.

मला वाटलं होतं, त्या रडतील.

"परत लावा, भाऊ."

परत लावली.

"परत."

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यो त्यो न्हाय," त्या म्हणाल्या.

"आये, काय बोलतेस?" भूपेश उठलाच. "आवाज बाबांचा हाय. खोकला पन त्यांचाच हाय!"

"आवाज हाय. मानूस न्हाय." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "त्यो जनमभर 'मना' बोलला. 'मला' कधी आलं काय त्याच्या तोंडात? आनि सोताला कोन काका बोलतं? बबनकाका तर हे भाऊ म्हनतात त्याला. आमच्या घरात कोन म्हनतो?" मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "भाऊ, ही बोली आमची न्हाय. ही तुमची हाय."

त्या बोलत असताना मला एकेक वाक्य आठवत होतं. काळजी करू नकोस. मी बघतो. ये एकदाचा. किती वाट बघायला लावणार. सगळं याच टेबलावर बोललेलं. मीच बोललेलं.

"खरं सांगा. जुनं काय हाय ह्याच्यात, की पुसलंत?"

मग मी सांगितलं.

सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी फॉरमॅट झाला. एकही रेकॉर्डिंग वाचलेलं नाही. जे आलं ते कुठून आलं मला माहीत नाही.

भूपेशचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"मी काय बोललो होतो तुला?" तो म्हणाला. "एकच गोष्ट बोललो होतो."

"चुकलो रे..."

"आठ दिवस फोनवर खोटं बोललास?" त्याचा आवाज चढला. "आनि आता हे पन बाबा न्हाय? मी न्हाय मानत. तुम्ही दोघं काय पन बोला. मला बोलावलंय, मी जानार!"

"भूपेश, बस खाली..." मावशी म्हणाल्या.

आणि तेव्हा...

टेबलाकडून खोकला आला.

दोनदा सुका. एकदा लांब.

लॅपटॉप बंद होता. मी झाकण लावलं होतं.

"मना वळकलं न्हाय काय, जिजे?"

'मला' नव्हे, 'मना'. 'नाही' नव्हे, 'न्हाय'.

दोन मिनिटांपूर्वी मावशींनी जे चुकलं म्हणून दाखवलं होतं, ते आता बरोबर होतं.

भूपेशच्या तोंडून "बा..." एवढं निघालं, आणि मावशींनी झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. मी तोंड उघडणार होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

आतून नीलम आली. "कोण आलं?" असं विचारायच्या बेतात होती. तिने नंतर मला सांगितलं की तिला एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, पाहुणे आले असं वाटलं. मावशींनी मान जोरजोरात हलवली. नीलम दारातच थांबली.

चार माणसं. एक खोली. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, बाजूच्या घरात कुकरची शिट्टी.

आम्ही कुणी काही बोललो नाही.

"भूपेश..."

भूपेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशींचा हात त्याच्या तोंडावर तसाच.

"जिजे..."

मावशींनी डोळे मिटले.

मग बराच वेळ काही नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. तीन वाजून छत्तीस. सदतीस.

"बोला ना..."

आवाज आता लहान झाला होता.

"कुनीतरी बोला..."

यात राग नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. उपाशी माणूस दारात उभा राहून मागतो, तसं होतं ते.

चार वाजेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. त्यानंतर परत काही ऐकू आलं नाही.

मावशींनी पिशवीतून जाडसर टॉवेल काढला आणि टॅबलेट त्यात गुंडाळायला घेतला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या उघड्या पाठीकडे गेलं. बुधवारी फाइल काढून घेतल्यावर मीच बॅटरीची वायर सोडवून ठेवली होती.

ती अजून सुटलेलीच होती.

मी खुणेने विचारलं, समुद्रात टाकायचा का? मावशींनी ठाम मान हलवली. नाही. समुद्राला तर नाहीच. भूपेशच्या दंडाला धरून त्या निघाल्या. जिन्यातही दोघं बोलत नव्हती. मी खिडकीतून बघितलं, स्कूटर वळेपर्यंत मावशींचा एक हात मागून मुलाच्या तोंडावरच होता.

भूपेश एक तारखेला एकटा गेला नाही. आईने शपथ घातली. त्याच्या काकांच्या नावांबरोबर गेला आणि आला. पण तिसऱ्या दिवशी खडकावर जाळं फाटलं. नवं, मोठं जाळं. तो खडक कुठे आहे हे बबनकाकांनी कुठल्यातरी रेकॉर्डिंगमध्ये नक्की सांगितलं असणार. ते मी पुसलं. यात भुताचा काही हात नाही. हे माझं आहे, आणि याचं मला आजही काय करावं कळत नाही.

त्यानंतर मी एकही यंत्र फ्लॅश केलेलं नाही. ती तीन रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर आहेत. उघडायची हिंमत नाही, पुसायचीही नाही. पुसून काय होतं ते मी बघितलंय.

जिजामावशी अजून येतात. दर मंगळवारी, शुक्रवारी. पण आमच्या दारात त्या एक शब्द बोलत नाहीत. टोपली उघडतात, मासा दाखवतात, नीलम बोट करते, त्या देतात आणि जातात. शेजारच्या दारात पोहोचल्या की त्यांचं बोलणं सुरू होतं.

नीलमला ते लागलं. तिला वाटलं, अजून राग आहे. एक दिवस तिने उंबऱ्यातच विचारलं. मावशींनी तिचा हात धरला आणि तिन्ही जिने उतरवून, गेटच्या बाहेर रस्त्यावर नेलं. तिथे बोलल्या.

"राग न्हाय गो. त्यो डब्बा मी मिठात पुरलाय आमच्या मागच्या अंगनात. दोन वरसं झाली. एकदा पन आवाज आला न्हाय त्याच्यातून." मग त्यांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं. "मना वाटतं, त्यो डब्ब्यात न्हवताच कधी."

नीलम यावर हसली होती. मीही हसायचा प्रयत्न केला.

मागच्या गुरुवारी ती हॉलमध्ये फोनवर तिच्या आईशी बोलत होती. संध्याकाळचे सहा. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होतो. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"काय रे? काय म्हणालास?" तिने तिथूनच विचारलं.

मी काही म्हणालो नव्हतो.

मी बाहेर आलो. ती टेबलाकडे बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं, परत टेबलाकडे बघितलं, आणि फोन न बोलता ठेवून दिला. मी विचारायला तोंड उघडलं, आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिने नक्की काय ऐकलं ते मला अजून कळलेलं नाही. या घरात ते विचारता येत नाही, आणि खाली रस्त्यावर गेलो की ती विषय बदलते.

म्हणून हे सगळं लिहिलंय. लिहिताना एकदाही मोठ्याने वाचलेलं नाही.